बीड जिल्ह्यातील वाहतूक : इतिहास

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी, दक्षिण सीमेवरून मांजरा आणि नैर्ऋत्य सीमेवरून सीना ह्या नद्या वाहतात. मधून बालाघाटाची डोंगररांग पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली असून तिने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत : उत्तरेकडील गोदाकाठचा सखल, काळ्या जमिनीचा प्रदेश, यास स्थानिक लोक ‘गंगथडी’ म्हणतात; आणि दक्षिणेकडील उंच, हलक्या व मुरमाड जमिनीचा घाटमाथा. सिंदफणा व मांजरा ह्या दोन्ही नद्या पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावतात. परंतु सिंदफणा उत्तरेकडे वळून मंजरथ येथे गोदावरीस मिळते, तर मांजरा दक्षिणेची वाट धरते. जिल्ह्यातील वाहतुकीचा सारा इतिहास या रचनेशी बांधलेला आहे. येथील नद्यांनी मालाची ने-आण कधी केली नाही. त्या ओलांडावयाच्या होत्या आणि घाट चढावयाचा होता. त्यामुळे कोणत्याही काळातील मार्गांचा विचार करताना नदीचे उतार व घाटातील खिंडी ह्या दोन गोष्टींपासूनच प्रारंभ करावा लागतो.

गोदावरीचे या भागातील पात्र पावसाळ्यात उग्र रूप धारण करते आणि उन्हाळ्यात त्यात जागोजाग वाळूचे पट्टे उघडे पडतात. जलमार्ग म्हणून तिचा उपयोग होणे त्यामुळे शक्य नव्हते. वऱ्हाडातील कापूस समुद्रापर्यंत नेण्यासाठी गोदावरी, प्राणहिता व वर्धा या नद्यांतून नौकामार्ग करण्याची मोठी योजना ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हाती घेतली होती. ती १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. बीडकडील वरच्या प्रवाहाचा तर तिच्यात समावेशही नव्हता. येथे नाव होती ती केवळ पैलतीरी जाण्यापुरती. उताराच्या गावी भोई किंवा कोळी नावाडी असत आणि त्यांना गावाकडून धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. पूर असेल तेव्हा दोन्ही तीरांवरील तांडे, लग्नाची वऱ्हाडे व सरकारी टपाल पाणी उतरण्याची वाट पाहत थांबत.

प्राचीन काळ : सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान (पैठण) आणि वस्त्रव्यापाराचे केंद्र तगर (धाराशिव जिल्ह्यातील तेर) ही दोन नगरे आजच्या बीड जिल्ह्याच्या दोन बाजूंस होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीयन सी या ग्रीक प्रवासवृत्तात बॅरिगाझा (भडोच) बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस सु. दहा दिवसांच्या अंतरावर तगर असल्याचे नमूद केले आहे. पैठणहून अकीक आणि तगरहून जाडेभरडे कापड, तलम मलमल इ. माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला नेला जाई, असेही त्यात म्हटले आहे. तगर म्हणजे तेर हे जे. एफ. फ्लीट याने १९०१ मध्ये दाखवून दिले व ते आता सर्वमान्य झाले आहे. पैठण व तेर यांतील सरळ अंतर सु. १५० किमी. भरते. दहा दिवसांचा हिशेब धरला, तर वळणावळणांच्या वाटेने दिवसाला पाच-सहा कोस ही चाल पडते. लादलेल्या बैलगाडीची चाल विसाव्या शतकातही साधारणतः एवढीच होती. ह्या दोन नगरांच्या मध्ये बालाघाट आडवा येतो. तो ओलांडल्याखेरीज गाड्यांना गत्यंतर नव्हते. पेरिप्लसच्या लेखकाने ज्याला रस्ते नसलेला प्रदेश म्हटले, त्याचा काही भाग म्हणजे बीडचा घाटमाथा होय.

ही वायव्य–आग्नेय दिशा पुढेही टिकून राहिली. यादवकाळात देवगिरीहून आंबेजोगाईकडे जाणारी वाट याच प्रदेशातून होती. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे तेराव्या शतकातील शिलालेख आंबेजोगाई येथे आहेत. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलक वरंगळच्या स्वारीवरून दौलताबादकडे परतताना बीडला थांबला, तेथे त्याचा दात पडला व त्या दातावर त्याने मोठी कबर बांधविली, अशी हकिकत फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. तेथून सुलतान पैठणला गेला. ही हकिकत सांगोवांगी विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण वाहतुकीच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. तेलंगणातून देवगिरीकडे जाणारी सेना बीड–पैठण या वाटेने जात असे, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

सैन्यांच्या वाटा : सतराव्या-अठराव्या शतकांत बीडची भूमी वारंवार सैन्यांच्या हालचालींखाली आली. खानजहान लोदीचा पाठलाग करणारी शाहजहानची फौज १६३०-३१ मध्ये बीडच्या परिसरात होती आणि जानेवारी १६३१ मध्ये आझमखानाने धारूरचा किल्ला घेतला. धारूर घाटाच्या माथ्यावर आहे. गंगथडीतून वर येणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. किल्ल्याचे लष्करी महत्त्व या वाटेमुळेच होते. त्याच सुमारास, १६३०–३२ या वर्षांत, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सैन्य व दुष्काळ या दोहोंनाही धान्याची वाहतूक करणाऱ्यांची निकड होती.

नदीच्या उताराने एका लढाईचा निकाल कसा लावला, याचे ठळक उदाहरण गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे सापडते. निजामअलीने मे १७६३ मध्ये पुणे लुटले. त्यानंतर माधवराव पेशवा (कार. १७६१–७२) त्याच्या पाठलागावर होता. ऑगस्टमध्ये औरंगाबादेकडे परतणारे निजामाचे सैन्य गोदावरी उतरू लागले. निजाम स्वतः व सैन्याचा एक भाग उत्तर तीरावर पोहोचला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी त्यावर हल्ला चढविला. नदी पावसाळी पुराने भरलेली असल्यामुळे निजामाला पलीकडून मदत पाठविता आली नाही. विठ्ठल सुंदर मारला गेला व सैन्याचा मोड झाला. इतिहासग्रंथांतून ह्या विजयाचे श्रेय तरुण पेशव्याच्या धडाडीस दिले जाते व ते योग्यच आहे. तथापि त्या काळी एखादी मोठी सेना, तिचा तोफखाना, बाजारबुणगे व जनावरे नदीपार करण्यास किती दिवस लागत आणि त्या दिवसांत ती किती असहाय असे, हेही या लढाईवरून ध्यानात येते. पुढे १७९५ मध्ये निजाम बीदरकडून मांजरेच्या काठाने येऊन मोहरीच्या घाटाने बालाघाट उतरला. ११ मार्च रोजी खर्ड्याच्या लढाईत पराभव झाल्यावर त्याने खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रय घेतला. तेथे पाणी व दाणागोटा यांची टंचाई पडून त्यास तह करावा लागला. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात असले, तरी ही वाट बीडच्या घाटमाथ्याचीच होय.

बैलांचे तांडे : या सर्व काळात अवजड व दूरची मालवाहतूक मुख्यतः पाठीवर गोणी लादलेल्या बैलांनी होई. काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने गाडीची चाके रुतून बसत आणि घाटात गाडी उलटण्याची भीती असे. लादणीच्या बैलास ही अडचण नव्हती. बैल चालता चालता वाटेवर चरत, त्यामुळे वैरणीचा खर्च नसे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. तांदूळ, धान्य, मीठ यांची ने-आण ते करीत आणि वाटेत समोरून असा तांडा आला, तर प्रवाशाला तो निघून जाईपर्यंत थांबावे लागे. कोकणातील मीठ व नारळ घाटांवरून नगरमार्गे इकडे येत; इकडून धान्य, तेलबिया व कापूस जात असे.

ह्या व्यवसायात बंजारा (लमाण) व वंजारी हे दोन समाज प्रमुख होते. नावातील साम्यामुळे पुष्कळदा त्यांची गल्लत केली जाते. वस्तुतः त्यांच्या भाषा, पेहराव व चालीरीती वेगळ्या आहेत. दोहोंची मोठी वस्ती बीड जिल्ह्यात आहे. बंजाऱ्यांच्या वस्तीला आजही ‘तांडा’ असेच म्हणतात. फिरत्या काफिल्याचे नाव स्थिर वस्तीस राहिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. युद्धमान सैन्यांना रसद पुरविणाऱ्या बंजाऱ्यांना सर्वसाधारणतः दोन्ही पक्ष अभय देत, कारण त्यांच्यावाचून कोणाचेच चालत नसे.

प्रवासाशी निगडित असा एक हस्तव्यवसाय बीड शहरात वाढला. येथील चामड्याच्या छागली, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या पिशव्या, प्रसिद्ध होत्या. येथे गुप्त्याही तयार होत. पाण्याची वानवा असलेल्या व वाटमाऱ्यांची भीती असलेल्या प्रदेशात प्रवाशाला नेमक्या याच दोन वस्तू लागत.

निजामी राजवटीत सालारजंगाच्या (दिवाण १८५३–८३) प्रशासकीय सुधारणांमुळे जिल्ह्याची रीतसर घडी बसली. आंबेजोगाई, तेव्हाचे मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. कच्चे रस्ते आखले गेले. पण त्यांची लांबी प्रदेशाच्या मानाने थोडी होती. पश्चिमेकडे ब्रिटिश मुलखातील नगर जिल्हा लागत असल्याने सीमेवर ‘करोडगिरी’चे, म्हणजे जकातीचे, नाके होते. चलनही वेगळे होते : अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला जवळची बाजारपेठ नगरची. तेथे गाडी न्यावयाची, तर नाक्यावर थांबणे, जकात भरणे व नाण्यांचा बट्टा सोसणे क्रमप्राप्त असे.

रेल्वे भोवताली : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग आले, पण ते जिल्ह्याच्या कडेकडेने. पश्चिमेस दौंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला व अहमदनगर हे स्थानक झाले. दक्षिणेस एव्हरार्ड कॅलथ्रॉप याच्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी १८९७ मध्ये बार्शीस आली व १९११ मध्ये लातूरला पोहोचली. उत्तरेस हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे नांदेड, परभणी, जालना व औरंगाबाद या शहरांना जोडीत विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपर्यंत पुरी झाली. ‘गोदावरी खोऱ्याची’ म्हणविणारी ही रेल्वे नदीच्या उत्तरेने गेली. दक्षिणेकडील बीडला तिचा आवाजही ऐकू येत नसे. तीन बाजूंना तीन मार्ग आणि मध्ये शंभर शंभर किमी.चा रिकामा प्रदेश, असा नकाशा तयार झाला.

याचे परिणाम दुहेरी झाले. कापूस, करडई, जवस यांसारखा माल बैलगाड्यांनी जालना, बार्शी, नगर येथे जाऊ लागला व तेथील आडत्यांची भरभराट झाली. बीडमधील पेठा दुय्यम ठरल्या. गाडीवानांना दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत काम मिळू लागले, हे खरे. परंतु लांब पल्ल्याची जी वाहतूक तांड्यांच्या हातात होती, ती रेल्वेने एकाएकी काढून घेतली. मिठाच्या गोण्या आता मालडब्यातून येऊ लागल्या. रेल्वे ज्या जिल्ह्यात आलीच नाही, तेथील वाहतूकदारांचा धंदा मात्र तिने बुडविला. वंजारी व बंजारा कुटुंबे घाटमाथ्यावरील हलक्या जमिनींवर स्थिरावली. पाऊस पडला तर पीक, नाही तर मजुरी, अशी त्यांची स्थिती झाली. बैल राहिले, पण त्यांना वाहून नेण्यासारखे फारसे काही राहिले नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळात या अलगपणाची किंमत कळून आली. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सु. ४ लक्ष ९२ हजार भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती लक्षणीय कमी होती. उपासमार व साथी यांबरोबरच धान्य स्थानकापासून आत आणण्यास लागणारा वेळ हेही हानीचे एक कारण मानावे लागते. दुष्काळात चाऱ्याअभावी बैल आधी मरत. गाडी ओढावयाची कोणी, हा प्रश्न त्याच वेळी उभा राहत असे.

जिल्ह्यात रेल्वे शिरली ती ईशान्येच्या कोपऱ्यात. परभणी–परळी वैजनाथ ही मीटरमापी शाखा आणि विकाराबाद–बीदरकडून येणारा रुंदमापी मार्ग १९३० च्या आगेमागे परळीस पोहोचला. ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र असलेले परळी यामुळे व्यापारी गावही झाले; दोन मापांच्या गाड्यांतील माल तेथे उतरवून पुन्हा चढवावा लागे व त्यावर हमालांचा मोठा वर्ग पोसला जाई. परळीचे औष्णिक वीज केंद्र (पहिला संच १९७१) रेल्वेने येणाऱ्या कोळशावर उभे राहिले. बीड शहराला मात्र याचा लाभ झाला नाही.

मोटारवाहतुकीचा काळ : निजाम सरकारने १९३० मध्ये रेल्वे आपल्या ताब्यात घेतली व तिच्याच अखत्यारीत १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी रस्तावाहतूक विभाग सुरू केला. सरकारी रेल्वेने प्रवासी बसगाड्या चालविण्याचा हा भारतातील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय. बीडकडील गावांत त्यापूर्वी छकडा, दमणी किंवा पायपीट यांवाचून पर्याय नव्हता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले, नाके उठले व नगरची बाजारपेठ अखेर मोकळी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ जुलै १९६१ रोजी मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. ‘एस्टी’ हा शब्द पुढे खेड्यापाड्यांत वाहनाचाच पर्याय झाला. मुलींचे तालुक्याच्या गावी शिकणे, आजाऱ्यास आंबेजोगाईच्या रुग्णालयात नेणे, बाजारचा दिवस ह्या सर्वांचा मेळ एस्टीच्या वेळापत्रकाशी बसला.

बीडमधील बरेचसे ग्रामीण रस्ते दुष्काळाने बांधले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्री-पुरुष खडी फोडण्याच्या व रस्त्याच्या मातीकामांवर होते. त्यातूनच रोजगार हमी योजनेला व्यापक रूप आले. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या कामांतील काही रस्ते पुढील पावसाळ्यात वाहून गेले आणि पुढील दुष्काळात पुन्हा हाती घेण्यात आले. टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले. तथापि ज्या वाटेवर पूर्वी गाडीही जात नव्हती, तेथे पुढे एस्टी गेली, ती बव्हंशी याच मातीकामावरून.

मुख्य मार्गांत सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. २११, नंतर क्र. ५२) सर्वांत महत्त्वाचा असून तो चौसाळा, मांजरसुंबा, बीड व गेवराई या गावांवरून जाऊन शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडतो. कल्याण–नगर–नांदेड मार्ग गढी व माजलगाव येथून जातो. अहिल्यानगर–जामखेडकडून येणारा मार्ग सौताड्याचा घाट चढून पाटोदा, मांजरसुंबा, केज व आंबेजोगाई असा पूर्वेस जातो. मांजरसुंबा घाट व धारूर घाट यांतील वळणे अवजड वाहनांना दीर्घकाळ त्रासदायक ठरली. पैठणजवळ जायकवाडी धरण (१९७६) झाल्यावर खालच्या गोदावरीचे वाहणे धरणाच्या विसर्गावर अवलंबून राहू लागले. नदीकाठी व धरणांच्या पाण्याने वेढलेल्या काही वस्त्यांना मात्र मोठे पूल झाल्यावरही उपयोग झाला नाही. तेथील मुले थर्माकोलच्या ‘चप्पू’वर बसून शाळेला जात असल्याचे एकविसाव्या शतकातही आढळून आले.

जुन्या वाटांचा एक पुरावा दरवर्षी आषाढात चालत जातो. पैठणहून पंढरपूरला निघणारी संत एकनाथांची पालखी रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा, परांडा अशा मुक्कामांनी बालाघाट ओलांडते. मोटाररस्त्यांच्या सोयीने ही वाट आखलेली नाही. पायी माणसाला व बैलाला जो चढ सोसतो, त्याने ती ठरविली आहे. मुक्ताईनगरहून येणारी मुक्ताबाईंची पालखी बीडवरून, तर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-आंबेजोगाईवरून जाते.

दुसरे चालणे निराळे आहे. प्रवरेकाठी लोणी येथे १९५०-५१ च्या हंगामात पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला व पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अनेक कारखाने निघाले. त्यांना ऊस तोडून गाळपापर्यंत वाहून नेणारे मजूर हवे होते. बीडच्या घाटमाथ्यावर बैल होते, बैल हाकणारे होते आणि दसऱ्यानंतर काम नव्हते. मुकादमाकडून ‘उचल’ घेऊन नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका ‘कोयत्या’ने, जाण्याची पद्धत रूढ झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून भांडीकुंडी, वैरण, कोंबड्या व लहान मुले यांसह गाड्यांच्या रांगा निघत व पाडव्याच्या सुमारास परतत. कारखान्यांनी रबरी धावांच्या गाड्या दिल्या. पुढे बैलगाड्यांची जागा बऱ्याच अंशी मालमोटारी व ट्रॅक्टरच्या जोडगाड्यांनी घेतली. ऊसतोडीस जाणाऱ्यांत ज्यांचे पूर्वज लादणीचे बैल घेऊन देशभर फिरत, त्या समाजांतील कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तांड्याचा नायक मालाचा व वाटेचा धनी असे. गाडीवरील ऊसतोड्याची वाट उचलीच्या रकमेने आधीच ठरलेली असते. मुलांच्या शाळा बुडतात, गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात आणि रात्रीच्या वेळी दिव्यावाचून चालणाऱ्या गाड्यांना अपघात होतात. जिल्ह्यातील रस्त्यांवर सर्वाधिक माणसे नेणारी वाहतूक कोणती, असे विचारल्यास हंगामातील दोन आठवड्यांपुरते तरी उत्तर हेच द्यावे लागेल.

बीड शहराला रेल्वे मिळावी ही मागणी जुनीच आहे. अहमदनगर–बीड–परळी ह्या २६१ किमी. लांबीच्या मार्गास १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. पण भूसंपादन व निधी यांअभावी काम रखडले. पुढे निम्मा खर्च राज्याने उचलण्याचे ठरल्यावर त्यास गती आली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर–आष्टी हा ६६ किमी.चा टप्पा प्रवासी गाडीस खुला झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीड व अहिल्यानगर यांदरम्यान पहिली प्रवासी गाडी धावली. गाडी पाहण्यासाठी बीडच्या स्थानकावर लोकांची गर्दी लोटली. बीड ते परळी हा टप्पा त्या वेळी पुरा व्हावयाचा होता. नगरहून येणारा हा लोहमार्ग रायमोह्याच्या परिसरातून बीडकडे वळतो. पैठणची पालखी तेथेच मुक्काम करून घाटाकडे निघते.